दगड सपाट कसा ठेवायचा? वस्तऱ्याच्या सिल्लीवरून घेतलेला एक पाठ



आज सुरुवातीलाच एक छोटं काम सांगतो. तुमच्या घरात धार लावायचा दगड असेल तर तो आणा. त्यावर लोखंडी पट्टी आडवी, कडेवर उभी ठेवा आणि डोळ्यांच्या पातळीवर धरून उजेडाकडे बघा. पट्टीच्या खालून मधोमध उजेडाची फट दिसते का? दगड बरीच वर्षं वापरातला असेल तर ती दिसेलच.

आजचा पाठ या फटीविषयी आहे. ती का पडते, ती पडल्याने काय बिघडतं आणि ती घालवायची कशी, हे मी एका विद्यार्थ्याच्या आजोबांकडून शिकलो. मग तेच वर्गात घेतलं. घर्षण, मापन, खडक, व्यवसाय, इतिहास असे सगळे विषय त्यात आपोआप आले. खर्च जवळजवळ शून्य. म्हणून तुमच्यासाठी सविस्तर लिहितो आहे.

हा पाठ आला कुठून?

माझी शाळा चंद्रपूर जिल्ह्यात, वैनगंगेच्या अलीकडच्या बाजूला आहे. नदी ओलांडली की गडचिरोली जिल्हा. १९८२ पर्यंत दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. आमचा भाग धानाचा आणि जंगलाचा. घरोघरी विळा, कुऱ्हाड, बांबू चिरायचा कोयता असतोच. धार म्हणजे काय हे आमच्या मुलांना शिकवावं लागत नाही.

परिसर अभ्यासात गावातल्या व्यवसायांचा भाग चालू होता. चौथी-पाचवी एकत्र बसतात. मी सांगितलं, "उद्या प्रत्येकाने घरातलं एक अवजार आणा, नाहीतर त्याचं चित्र काढून आणा." दुसऱ्या दिवशी मासे धरायचं जाळं आलं, सुताराचा रंधा आला, शिवणयंत्राची बॉबिन आली. पाचवीतल्या एका मुलाने मात्र काही आणलं नाही. "माह्या घरी काहीच नाई," म्हणाला.

त्याच्या वडिलांचं तालुक्याच्या गावी सलून आहे, आजोबा गावचे म्हाली होते, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. (बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, विदर्भात न्हाव्याला म्हाली म्हणतात.) मागून कुणीतरी काहीतरी पुटपुटलं आणि वर्ग हसला. मी रागावलो. पण रागावल्याने हसू थांबतं, मुलाची खाली गेलेली मान वर येत नाही. तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको.

मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "आजोबांची धोकटी असेल ना घरी? त्यातलं काहीही आण. वस्तरा नको, बाकी काहीही." शनिवारी तो जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला एक दगड घेऊन आला. वीतभर लांब, तीन-चार बोटं रुंद, मधे चांगलाच खोलगट. वस्तऱ्याला धार लावायचा दगड. याला कुणी निसणा म्हणतं, कुणी सहाण म्हणतं. आमच्याकडे हिंदीचा शेजार असल्यामुळे सिल्ली म्हणतात.

आधी वस्तऱ्याविषयी थोडं

आजच्या मुलांनी जुना वस्तरा पाहिलेला नसतो. सलूनमध्ये जो दिसतो त्यात अर्धं ब्लेड बसवतात आणि गिऱ्हाइकागणिक बदलतात. हे योग्यच आहे. एकच पातं अनेकांना वापरलं तर रक्तावाटे हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही पसरू शकतात. त्यामुळे जुना वस्तरा गेला याचं दुःख करायचं कारण नाही. पण त्याच्याबरोबर धार लावण्याची विद्याही धोकटीतच राहिली.

जुन्या वस्तऱ्याचं पातं एकसंध पोलादाचं. त्याची मागची कड जाड आणि पुढची धार अगदी पातळ. मधला भाग दोन्ही बाजूंनी कोरलेला असतो. दगडावर वस्तरा ठेवताना तो आडवा, पूर्ण झोपवून ठेवतात. म्हणजे मागची जाड कड आणि पुढची धार या दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात.

इथे मुलांना थांबवून विचारा: असं का करत असतील?

उत्तर भूमितीचं आहे. विळा किंवा कुऱ्हाड घासताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्यात तो पात्यातच बांधलेला असतो. पातं धारेपासून मागच्या कडेपर्यंत साधारण १६ मिलिमीटर रुंद आणि कडेची जाडी ४ मिलिमीटरच्या आसपास असेल, तर धारेचा कोन १५ अंशांच्या जवळ येतो. फळ्यावर असा त्रिकोण काढा आणि कोनमापकाने मोजायला लावा. मोठं करून काढायचा असेल तर ४० सेंटिमीटर उंची आणि १० सेंटिमीटर पाया घ्या. प्रमाण तेच राहतं, कोनही तोच राहतो. प्रमाण ही कल्पना इतक्या सहज समजावण्याची संधी मला तरी दुसरीकडे मिळाली नव्हती.

आता खरी गोष्ट लक्षात येईल. वस्तऱ्याचा कोन पात्यात बांधलेला आहे, पण तो दगडावर टेकूनच उतरतो. दगड सपाट असेल तरच तो बरोबर उतरतो. खोलगट दगडावर सरळ पातं ठेवलं तर ते दगडाच्या दोन काठांवर टेकतं आणि मधे फट राहते. सगळा दाब त्या काठांवर येतो. धार कुठे जास्त झिजते, कुठे कमी. हळूहळू सरळ धारेला बाक येतो. दगडाला पोट आलं असेल तर उलटा बाक येतो. विळ्याचं यात फारसं बिघडत नाही, कारण विळा मुळातच वाकडा आणि कापायचं असतं धान. वस्तरा मात्र माणसाच्या गळ्यावरून फिरतो.

दगड मधेच का झिजतो?

हा प्रश्न वर्गाला विचारला तेव्हा उत्तरं आली, "मधे दगड मऊ राहते", "पानी मधेच साचते". मग एकाला पाटीवर खडूचा तुकडा दिला आणि विळा घासल्यासारखा पुढे-मागे फिरवायला सांगितलं. दहा वेळा फिरवल्यावर पाटी बघितली. मधे पांढरं दाट, टोकांना विरळ. हात कुठूनही सुरू झाला आणि कुठेही थांबला, तरी मधून प्रत्येक वेळी जातो. टोकापर्यंत प्रत्येक वेळी जात नाही. म्हणून मधला भाग जास्त झिजतो. मुलांनी स्वतः पाहिलं, मला समजावून सांगावं लागलं नाही.

माझी चूक

आता माझी फजिती. मी म्हटलं, चला, दगड सपाट करून टाकू. व्हरांड्यातल्या सिमेंटच्या पायरीवर पाणी टाकलं आणि मुलांना आळीपाळीने घासायला लावलं. अर्धा तास घासल्यावर दगडावर खोल चरे पडले, चारही कडा गोल झाल्या आणि मधला खड्डा तसाच राहिला. पायरी मुळात सपाट नव्हतीच, तर तिच्यावर घासलेला दगड सपाट कसा होणार! शिवाय पायरीतल्या जाड वाळूच्या कणांनी बारीक दगडावर ओरखडे काढले ते वेगळेच. मुलाचा चेहरा पडला. आजोबांची वस्तू मी बिघडवली होती.

सोमवारी त्याचे आजोबा स्वतः शाळेत आले. मी आधीच माफी मागितली, "आबाजी, तुमचा दगड माझ्या हातून खराब झाला."

त्यांनी दगड हातात घेतला. बोट फिरवलं. म्हणाले, "तो तं आधीच खराब होता गुर्जी. म्या काम सोडलं, मंग घरच्यांनी त्याच्यावर इळे घासले." मग ओंजळभर पाणी त्यावर ओतलं आणि मुलांना म्हणाले, "पानी कुटं थांबते, पाहा." पाणी काठांवरून निघून गेलं आणि मधे डबकं राहिलं. पट्टी नाही, माप नाही, आणि तरी खड्डा सगळ्या वर्गाला दिसला.

मग ते म्हणाले, "दगड सपाट रायत नाई. त्याले सपाट ठेवा लागते."

मी हे वाक्य फळ्यावर लिहिलं. पाठ इथून खरा सुरू झाला.

दोन दगड की तीन?

मी विचारलं, "आबाजी, मग तुम्ही कशावर घासत होता?" ते म्हणाले, दुसऱ्या दगडावर. पण दोनच दगड एकमेकांवर घासले तर एक पोट काढतो आणि दुसऱ्यात खड्डा पडतो. म्हणून तिसरा ठेवायचा आणि बदली-बदली करून घासायचे. त्यांना हे त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. असं का होतं हे त्यांनी सांगितलं नाही. ते शोधायचं काम मी वर्गाला दिलं.

तुम्हीही मुलांना असंच विचारा. तीन दगडांना अ, ब, क अशी नावं द्या. अ आणि ब एकमेकांवर घासून अगदी चिकटून बसायला लागले, तर दोघेही सपाट आहेत असं म्हणता येईल का? मुलं पटकन "हो" म्हणतात. मग दोन हातांचे तळवे वापरा. एक तळवा वाटीसारखा करा, दुसरी मूठ त्यात बसवा. दोन्ही नीट बसतात, पण सपाट कुणीच नाही.

आता तिसरा आणा. समजा अ ला पोट आहे. ब त्याच्यावर नीट बसतो, म्हणजे ब मध्ये खड्डा आहे. क हा ब वर नीट बसतो, म्हणजे क लाही पोट आहे. आता अ आणि क एकमेकांवर ठेवा. पोटावर पोट! ते डुगडुगणार. म्हणजे तिन्ही जोड्या एकाच वेळी नीट बसायच्या असतील तर कुणालाही पोट नको आणि कुणातही खड्डा नको. तिघेही सपाटच हवेत. आमच्या वर्गात हे सगळ्यात आधी चौथीतल्या एका मुलीला कळलं आणि तिने ते बाकीच्यांना मुठी करून दाखवलं.

एक बारकावा शिक्षकांसाठी. दगड एकाच दिशेने घासत राहिलं तर पिळवटलेला, घोड्याच्या खोगिरासारखा आकारही तयार होऊ शकतो. म्हणून घासताना मधूनमधून दगड फिरवायचा. लांबीच्या दिशेने, मग आडवा, मग इंग्रजी आठाच्या आकारात.

हेच तत्त्व कारखान्यांच्या इतिहासातही आहे. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज यंत्रज्ञाने १८४० साली ग्लासगोच्या एका विज्ञान सभेत अचूक सपाट धातूचे पृष्ठभाग कसे करायचे यावर निबंध वाचला होता. त्याचीही युक्ती तीन पृष्ठभागांची. फरक एवढाच की तो धातू एकमेकांवर घासत नव्हता. एकाला रंग लावून दुसऱ्यावर टेकवायचा, रंग लागलेल्या उंच जागा खरवडायच्या आणि तिन्ही पृष्ठभाग आळीपाळीने जुळवायचे. यंत्रांचे अचूक भाग करायचे तर आधी एक खरा सपाट पृष्ठभाग हवा. तो दुसऱ्या कुठल्याही सपाट वस्तूची मदत न घेता असा तयार करता येतो.

आणि दोन दगडांची "चूक" सुद्धा वाया जात नाही. हौशी खगोलप्रेमी दुर्बिणीचा आरसा घरी करतात तेव्हा दोन काचेच्या चकत्या मधे कठीण पूड आणि पाणी घालून एकमेकींवर घासतात. वरच्या चकतीत हळूहळू खोलगटपणा येतो, खालचीला पोट येतं. वरच्या चकतीचा आरसा होतो. आबाजींच्या लेखी जो दोष, तोच तिथे कामाला येतो.

वर्गात करायची कृती

साहित्य: भाजलेल्या विटेचे जवळपास सारख्या आकाराचे तीन तुकडे, पाण्याची बादली, कोळसा किंवा पेन्सिल, लोखंडी पट्टी, जुनी फडकी.

१. तिन्ही तुकड्यांवर खडूने अ, ब, क लिहा. घासायच्या बाजूवर नाही, कडेला.

२. घासायच्या बाजूवर कोळशाने उभ्या-आडव्या रेघा मारा, चौकटीच्या वहीसारख्या.

३. दोन्ही तुकडे ओले करा. अ वर ब ठेवून हलक्या हाताने वीस वेळा घासा. धुवा आणि बघा. रेघा कुठे पुसल्या? जिथे पुसल्या ती जागा उंच, जिथे राहिल्या ती खोल. मुलांना इथे चांगलाच धक्का बसतो, कारण त्यांना आधी उलटं वाटत असतं.

४. पुन्हा रेघा मारा. आता ब आणि क. मग क आणि अ. प्रत्येक जोडीत वरचा तुकडा कोणता हेही बदलत राहा.

५. दर फेरीनंतर पट्टी उभी, आडवी आणि तिरपी अशा तीन दिशांनी ठेवून उजेड बघा. वहीत नोंद करा.

६. तिन्ही तुकड्यांवरच्या रेघा सगळीकडून सारख्या पुसल्या जायला लागल्या की थांबा.

आम्हाला दोन तासिका लागल्या. घाई करू नका. वीट मऊ असल्यामुळे फरक लवकर दिसतो, म्हणून वर्गासाठी वीटच बरी.

खरा दगड सपाट करायचा असेल तर

तीन सारखे दगड आज कुणाकडे नसतात. त्यामुळे आबाजींची सिल्ली आम्ही दुसऱ्या पद्धतीने सपाट केली. घरी करायची असेल तर तीच सोपी. जाड काचेचा तुकडा घ्या, कडा घासलेला. काच बऱ्यापैकी सपाट असते. तो पक्क्या टेबलावर ओल्या फडक्यावर ठेवा. त्यावर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा काळा वॉटर पेपर पाण्याने चिकटवा. दगडावर पेन्सिलीने चौकटी काढा आणि भरपूर पाणी घालून घासा. रेघा पूर्ण पुसल्या की पुन्हा काढा, पुन्हा घासा. दुसऱ्यांदा काढलेल्या रेघा सगळीकडून एकदम गेल्या की दगड सपाट झाला असं समजा.

खड्डा मोठा असेल तर १२० नंबरच्या पेपरपासून सुरू करा, मग २२०, मग ४००. नंबर वाढतो तसा कण बारीक होतो. मुलांना हे उलटं वाटतं. त्यांना चाळणी दाखवा. एका इंचात जितकी जास्त भोकं, तितकं प्रत्येक भोक लहान. नंबरामागची मूळ कल्पना हीच आहे. खूप बारीक कण मात्र चाळणीने वेगळे होत नाहीत. ते पाण्यात ढवळून वेगवेगळे बसू देतात, जाड कण आधी आणि बारीक नंतर. नदीची वाळू आणि माती काचेच्या बाटलीत घालून हा प्रयोग लगेच करता येतो.

दर नंबरानंतर दगड, काच आणि हात धुवा. १२० चा एखादा कण जरी दगडावर राहिला तरी तो पुढे धारेला खाच पाडतो. माझ्या सिमेंटच्या पायरीचा धडा हाच होता.

शेवटी दगडाच्या चारही वरच्या कडा तिरक्या धरून हलकेच मोडा. कड टोकदार राहिली तर तिचा टवका उडतो आणि तो धारेत अडकतो.

नंतरची देखभाल

सपाट केलेला दगड पुन्हा लवकर खोलगट होऊ नये म्हणून आबाजींनी मुलांना ज्या सवयी सांगितल्या त्या अशा:

एक, दगड पूर्ण वापरायचा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. धार लावताना मधेच घुटमळायचं नाही.

दोन, दर वेळी दगडाचं तोंड फिरवून ठेवायचं. आज जे टोक आपल्याकडे, ते उद्या समोर.

तीन, पाण्याचा दगड पाण्यावर आणि तेलाचा तेलावर. एकदा तेल मुरलं की पाणी नीट काम करत नाही. तेल साचून दगड गुळगुळीत झाला असेल तर सोडा आणि साबणाच्या कोमट पाण्याने घासून काढायचा.

चार, काम झालं की काळा चिखल धुऊन टाकायचा. तो पोलादाचा आणि दगडाचा भुगा असतो. तो वाळून दगडाच्या छिद्रांत बसला की दगड कापत नाही, नुसता घसरतो.

पाच, सावलीत वाळवायचा आणि फडक्यात गुंडाळून ठेवायचा. वस्तऱ्याचा दगड वस्तऱ्यालाच. त्यावर विळा घासायचा नाही.

आणि दर खेपेला थोडं थोडं सपाट करायचं. रोज पाच मिनिटं दिली तर वर्षाकाठी दिवस घालवावा लागत नाही. हे ऐकून मला वर्गातली उजळणी आठवली.

दगडानंतर वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर परजतात. दगडावर धार पुढे चालते, पट्ट्यावर मागची कड पुढे चालते. उलटं केलं तर पट्टाच कापला जातो.

कोणता दगड धार लावतो?

आमच्या जिल्ह्यात चुनखडी भरपूर, सिमेंटचे कारखाने त्यावरच उभे आहेत. मग चुनखडीवर धार लागेल का? खडकांचा कठीणपणा मोजायची एक पट्टी फ्रेडरिक मोस याने १८१२ साली सुचवली, १ ते १० अशी. चुनखडीतलं खनिज तीनवर, वाळूतला क्वार्ट्झ सातवर. चांगलं पाणी दिलेलं पोलाद साडेसहाच्या आसपास. म्हणजे पोलादाला घासायचं तर त्याहून कठीण काहीतरी हवं. चुनखडीवर लोखंडी खिळा ओढला तर चुनखडीवर चरा पडतो. क्वार्ट्झच्या पांढऱ्या गारगोटीवर ओढला तर गारगोटीवर खिळ्याचीच करडी रेघ उमटते. ही कृती पाच मिनिटांत होते.

हार्डवेअरमध्ये जो करडा-काळा, एक बाजू जाड आणि एक बारीक असा दगड मिळतो, तो बहुतेक वेळा खाणीतला नसतो. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन कृत्रिम हिरा करायच्या खटपटीत होता. माती आणि कोकचा भुगा विजेने प्रचंड तापवल्यावर त्याला हिरा मिळाला नाही. मिळाले चकाकणारे, कठीण स्फटिक. ते सिलिकॉन कार्बाइड, कठीणपणा नऊच्या वर. कोळशाच्या जिल्ह्यातल्या मुलांना कोळशाचा हा उपयोगही कळू द्या.

काळजी

वर्गात वस्तरा, ब्लेड, विळा काहीही आणायचं नाही. फक्त दगड आणि वीट. घासणं नेहमी ओलं. दगडाची कोरडी धूळ फुप्फुसात जाते आणि वर्षानुवर्षं गेली तर सिलिकोसिस हा आजार होतो. दगडखाणीतल्या आणि कटाईच्या कामगारांचा तो मोठा धोका आहे, आणि हे आपल्या मुलांना माहीत असायला हवं. पाय उघडे असतील तर बसूनच काम करायचं. काच हाताळायची ती शिक्षकांनी.

या पाठात आणखी काय आहे?

सातवी-आठवीच्या वर्गात हा पाठ इतिहासाशी जोडता येतो. बारा बलुतेदारांत न्हावी होता. आमच्या भागात त्याला सुगीला धान मिळायचं, वर्षभराच्या कामाचं. संत सेना महाराज, जिवा महाला, शिवा काशीद ही नावं आपण शिकवतोच. त्यात एक प्रसंग जरूर घाला. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा झाली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असा ठराव झाला. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो या कामासाठी उचलायला नकार दिला. आपल्या रोजीचा काही भाग सोडून दिला. वर्गात हे सांगितल्यावर काही वेळ कुणी बोललं नाही.

सेवाग्राम आमच्यापासून फार लांब नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. आजच्या धोरणातही दप्तराविना दिवस आहेत. पण बहुतेक वेळा आपण त्या दिवशी कागदाची फुलं करतो. गावात ज्यांच्या हातात विद्या आहे त्यांना वर्गात बोलावायचं आपल्याला सुचत नाही. मलाही सुचलं नव्हतं. मी दगड बिघडवला म्हणून आबाजी आले.

पालकांसाठी दोन शब्द

घरातल्या आजोबांचं, आजीचं अवजार भंगारात देण्याआधी मुलाला ते हातात घेऊ द्या. ते कसं वापरायचे, कसं राखायचे, एवढं सांगा. मुलाने तोच धंदा करावा असं मी म्हणत नाही. आमच्या त्या विद्यार्थ्याला पोलिसात जायचं आहे, त्याने जरूर जावं. पण "माझ्या घरी काहीच नाही" असं त्याने म्हणू नये.

शेवटी वर्गाने गावातल्या व्यवसायांचा तक्ता केला. प्रत्येकाने आपापली ओळ लिहायची होती. त्याने अवजाराच्या रकान्यात "सिल्ली" लिहिलं आणि पुढच्या रकान्यात लिहिलं, "माझ्या आबाजीला दगड सपाट करता येते." मी व्याकरण दुरुस्त केलं नाही. दगड त्याच्या घरी परत गेला आहे. फडक्यावर त्याने पेनने लिहून ठेवलं आहे, इळा घासू नये.

मुलांना विचारायचे प्रश्न

१. सपाट आहे हे पट्टीशिवाय कसं ओळखाल? तीन पद्धती सांगा.

२. दोन दगड एकमेकांवर नीट बसतात, तरी ते सपाट असतीलच असं का म्हणता येत नाही?

३. मधे झिजलेल्या आणखी कोणत्या वस्तू घरात, गावात दिसतात? (उंबरा, पायरी, पाटा, जातं...) त्या मधेच का झिजल्या?

४. घरातलं एक अवजार निवडा. ते राखण्यासाठी घरचे काय काय करतात ते विचारून पाच वाक्यं लिहा.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं आमच्या मुलांनी दीड पान भरून आणली. तुमच्या वर्गातली मुलं काय आणतात तेही बघा. तीन विटा आणि बादलीभर पाणी कुठल्याही शाळेत मिळतं. करून बघा आणि काय चुकलं, काय जमलं ते कळवा.